बंद खोलीतला विस्तव: घरातला कार्बन मोनॉक्साइड ओळखणं, रोखणं आणि त्यातून वाचणं

गॅसचा वास येतोय का, यावरून आपण घर सुरक्षित आहे की नाही ते ठरवतो. स्वयंपाकाच्या गॅसपुरती ही सवय अगदी योग्य आहे, कारण गळती लक्षात यावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत मात्र नाकाचा काही उपयोग नाही. हा वायू सिलिंडरमध्ये किंवा पाइपमध्ये नसतो, तो ज्योतीत तयार होतो. त्यामुळे रबरी नळी नवी असली, रेग्युलेटर घट्ट बसलेला असला, साबणाचा फेस लावून बघितल्यावर एकही बुडबुडा आला नाही, तरी घरात कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला रंग, वास, चव यातलं काहीच नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही.

म्हणून "गळती" हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवू. घरातल्या प्रत्येक जळणाऱ्या उपकरणापाशी उभं राहून दोन प्रश्न विचारायचे. या विस्तवाला हवा कुठून मिळते? आणि त्याचा धूर घराबाहेर कुठून जातो? दोन्ही वाटा बोटाने दाखवता आल्या पाहिजेत. "खिडकी उघडी असते बहुतेक वेळा" हे उत्तर धरायचं नाही, कारण ज्या रात्री थंडी वाढते त्याच रात्री ती बंद होते.

विस्तव अर्धवट का जळतो

गॅस, लाकूड, कोळसा, रॉकेल, पेट्रोल, डिझेल या सगळ्यांत कार्बन असतो. पुरेशी हवा मिळाली की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली, किंवा जळणं पूर्ण होण्याआधीच ज्योत थंड पृष्ठभागावर आदळून विझली, तर काम अर्ध्यावर राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

"हवा कमी पडते" म्हणजे किती, हे एका साध्या हिशोबाने बघू. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा झटपट गॅस गिझर तासाला साधारण ९०० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला १५ ग्रॅम गॅस जाळतो. दहा मिनिटांत १५० ग्रॅम गॅस गेला आणि त्यासाठी जवळपास २ घनमीटर हवा लागली. आता २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच न्हाणीघर घ्या. त्यात एकूण हवा साडेसात घनमीटर. दार-खिडकी घट्ट लावून केलेल्या दहा मिनिटांच्या अंघोळीत त्यातली पाव हिश्शाहून जास्त हवा गिझरने वापरलेली असते, वीस मिनिटांत निम्मी.

यात खरा धोका असा की हे सरळ रेषेत वाढत नाही. ज्योत जळायला ताजी हवा घेते आणि जळून उरलेला वायू त्याच खोलीत सोडते. थोड्या वेळाने तोच वापरलेला वायू तिच्याकडे परत येतो. खोलीतला ऑक्सिजन नेहमीच्या २०.९ टक्क्यांवरून खाली उतरू लागला की ज्योत आणखी अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड भराभर वाढतो. पहिली पाच मिनिटं काही जाणवलं नाही म्हणून पुढची पाच मिनिटंही तशीच जातील, असं धरून चालता येत नाही. वर्षभर रोज वापरूनही काही झालं नाही हा युक्तिवाद याच कारणाने फसतो. त्या वर्षभरात कधी दार फटीएवढं उघडं असेल, कधी अंघोळ लवकर आटोपली असेल.

शरीरात काय घडतं

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० ते २५० पट जोराने कार्बन मोनॉक्साइडला चिकटतं. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी श्वासागणिक रक्तात साठत जातो. शिवाय हिमोग्लोबिनवर जो ऑक्सिजन उरतो, तोही ते सहजासहजी सोडत नाही. मेंदू आणि हृदय, दोन्हींची उपासमार सुरू होते.

हवेतलं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असं मोजतात. आठ तासांच्या सरासरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा घनमीटरमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ९ पीपीएम आहे. २०२१ साली तिने २४ तासांच्या सरासरीसाठी ४ मिलिग्रॅमची मर्यादा जोडली. २०० पीपीएमला दोन-तीन तासांत डोकं दुखू लागतं. ८०० पीपीएमला पाऊण तासात चक्कर आणि मळमळ, दोन तासांच्या आत बेशुद्धी. १६०० पीपीएमला वीस मिनिटांत ही लक्षणं दिसतात आणि तासा-दोन तासांत मृत्यू ओढवतो. १२,८०० पीपीएमला, म्हणजे हवेत जेमतेम सव्वा टक्का असताना, दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपते आणि मिनिटांत सगळं संपतं. हे आकडे धडधाकट प्रौढ माणसाचे आहेत. लहान मुलं, हृदयरोगी, रक्तक्षय असलेले आणि गरोदर बायका यांना त्याहून खूप कमी प्रमाण पुरतं. पोटातल्या बाळाच्या रक्ताला हा वायू आईच्या रक्तापेक्षा जास्त चिकटतो आणि त्यातून बाहेर पडायलाही जास्त वेळ घेतो. आईला फारसं काही जाणवलं नसलं तरी बाळाला इजा झालेली असू शकते.

सुरुवातीची लक्षणं फसवी असतात: डोकं जड होणं, चक्कर, मळमळ, उलटी, थकवा, छातीत दुखणं, धाप. सर्दीतापाची साथ किंवा खाण्यात काहीतरी आलं असं वाटून माणूस अंथरुणावर पडतो, आणि बहुधा त्याच खोलीत. शंका घ्यायची ती अशा खुणांवरून:

- ताप नाही, पण घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी तीच तक्रार आहे.
- घराबाहेर गेलं की बरं वाटतं, घरी परतलं की पुन्हा सुरू होतं.
- एखादं उपकरण चालू असतानाच त्रास होतो.
- पाळलेलं जनावर सुस्त पडलंय किंवा लडखडतंय.
- खिडक्यांच्या काचांवर आतून नेहमीपेक्षा जास्त पाणी साचतंय. जळताना वाफ तयार होते. ती बाहेर जात नसेल तर धूरही बाहेर जात नाही.

त्वचा लालबुंद होते असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ती खूण क्वचित आणि फार उशिरा दिसते. तिची वाट बघू नये.

सगळ्यात घातक गोष्ट अशी की मेंदूच आधी मंदावतो. काहीतरी बिनसलंय हे कळेपर्यंत विचार करायची ताकद आणि पायांतलं बळ दोन्ही गेलेलं असतं. कडी हाताशी असूनही ती काढता येत नाही. म्हणून काय करायचं हे आधीच ठरवलेलं असलं पाहिजे, आणि झोपेत जागं करणारं यंत्र घरात असलं पाहिजे. यंत्राकडे पुढे येऊच.

गॅस गिझर

नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: धूर खोलीतच सोडणारा गॅस गिझर न्हाणीघरात नको. तो बाहेरच्या मोकळ्या जागी, भिंतीवर लावायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. काचा लावून बंद केलेली गॅलरी ही मोकळी जागा नव्हे. डक्टमध्ये लावायचा असेल तर तो डक्ट वरपर्यंत उघडा आहे का आणि शेजाऱ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या त्यातच उघडतात का, हे बघा. उघडत असतील तर तुमचा धूर त्यांच्या घरात जाणार.

गिझर सध्या आतच असेल आणि हलवायला काही दिवस लागणार असतील, तर तोवर असं करा. दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून बादल्या भरून घ्या. भरताना आत थांबू नका. गिझर बंद करा, उपकरणाकडे जाणारी गॅसची तोटीही बंद करा. पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या. मग आत जाऊन दार लावा. शॉवर चालू ठेवून, गिझर चालू ठेवून अंघोळ करायची नाही, कितीही घाई असली तरी.

एक्झॉस्ट फॅन लावला की काम झालं, असा एक पक्का समज आहे. पंखा हवा बाहेर फेकतो खरा, पण तेवढीच हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसताच गरगरतो. गिझरला धूरनळी असेल तर परिस्थिती आणखी वाईट होते: बंद खोलीतला पंखा हवेसाठी त्या नळीतूनच ओढतो आणि बाहेर निघालेला धूर उलटा आत येतो. म्हणून पंख्यासोबत खालून हवा येणारी जाळी हवीच. उपकरण बंदिस्त जागेत असेल तर दोन कायमचे झरोके लागतात, एक छतापासून ३० सेंटिमीटरच्या आत आणि एक जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत. त्यांचं क्षेत्रफळ गिझरच्या ताकदीवर ठरतं आणि ते उपकरणाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. या जाळ्यांवर पुठ्ठा, कापड, चिकटपट्टी लावलेली दिसली तर लगेच काढा. थंडी आत येते म्हणून त्या बुजवल्या जातात, आणि गिझर सर्वांत जास्त वेळ चालतो तोही थंडीतच.

वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करून घ्या. बर्नरच्या वर तांब्याच्या पातळ पट्ट्यांचा एक गठ्ठा असतो, त्यातून पाणी तापतं. पट्ट्यांमधल्या फटी काजळी आणि धुळीने भरल्या की धुराला वर जायला जागा उरत नाही, तो समोरून बाहेर पडतो आणि ज्योत पिवळी होते. झाकणावर तपकिरी किंवा काळा डाग, पेटताना "भप्प" असा आवाज, पिवळी लवलवती ज्योत, यातलं काहीही दिसलं तर गिझर त्याच दिवसापासून बंद. काही गिझरमध्ये ऑक्सिजन घटल्यावर गॅस तोडणारा सेन्सर असतो. तो असलेला चांगला, पण ऑक्सिजन पुरेसा असूनही घाण बर्नर कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, आणि ते त्या सेन्सरला कळत नाही.

धूरनळी आणि हवा दोन्ही थेट बाहेरून घेणारे, पूर्ण बंद कोठीचे गिझरही मिळतात. आत लावणं भागच असेल तर तेवढाच प्रकार निवडा. विजेच्या गिझरमधून, हीटरमधून किंवा इंडक्शन शेगडीतून हा वायू तयार होत नाही, कारण तिथे काही जळतच नाही.

कोळशाची शेगडी आणि निखारे

कोळसा सगळ्यात जास्त फसवतो. पेटवताना धूर होतो, म्हणून माणूस शेगडी बाहेर पेटवतो. निखारे लाल झाले, धूर थांबला, की "आता ठीक आहे" म्हणून ती आत आणतो. पण धूर थांबणं म्हणजे विषारी वायू थांबणं नव्हे. धगधगत्या निखाऱ्यांच्या थरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याच्यातला कार्बन उचलतो आणि पुन्हा कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणजे नितळ, बिनधुराचा, सुंदर दिसणारा निखाराच हा वायू सर्वाधिक सोडत असतो.

राखेखाली झाकलेले निखारेही तासन् तास हळूहळू जळतात. शेगडी विझली असं समजून झोपायच्या खोलीत, तंबूत, गाडीत किंवा ट्रकच्या केबिनमध्ये ठेवू नये. ती आतून हलवायची असेल तर निखारे बाहेर नेऊन, भरपूर पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतून पूर्ण थंड करावे. एक खिडकी फटीएवढी उघडी ठेवून शेगडी पेटती ठेवण्याचा मधला मार्ग आम्ही सुचवत नाही. रात्रभर पुरेल इतकी हवा त्या फटीतून येते की नाही हे डोळ्यांनी कळत नाही आणि झोपलेल्या माणसाला तपासता येत नाही. ऊब हवी असेल तर जाड पांघरूण, गरम पाण्याची पिशवी किंवा विजेचा हीटर वापरा. कोळसा छताखाली नाही.

हुक्का कोळशावरच चालतो, तेव्हा बंद खोलीत त्यालाही हेच सगळं लागू आहे.

जनरेटर आणि वाहनं

वीज गेली की जनरेटर बाहेर येतो आणि पावसापासून, चोरीपासून वाचवायला माणूस तो जिन्याखाली, गॅरेजमध्ये, तळघरात किंवा खिडकीला टेकून ठेवतो. पेट्रोलवर चालणारा एक पोर्टेबल जनरेटर शेकडो आधुनिक मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडतो, कारण मोटारीत धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर असतो आणि बहुतेक लहान जनरेटरमध्ये तो नसतो. तो घरापासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावर ठेवा. सायलेन्सरचं तोंड घरापासून उलट दिशेला करा, आणि त्या बाजूच्या खिडक्या-दारं लावून घ्या. पावसासाठी वर उघडी छत्री किंवा पत्र्याचं छप्पर चालेल, चारी बाजूंनी खोली नको. लांब अंतरामुळे लांब वायर लागते. ती जनरेटरच्या वॉटला पुरेल इतकी जाड आधीच आणून ठेवली नाही, तर ऐन वेळी जनरेटर घराजवळ सरकतो. तो चालू असेपर्यंत घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालणारा हवा.

गाडी गॅरेजमध्ये तापवू नका, शटर उघडं असलं तरीही. थंड इंजिन सर्वांत घाण धूर सोडतं, कारण कन्व्हर्टर तापेपर्यंत काम करत नाही. गॅरेज घराला चिकटून असेल तर तो धूर मधल्या दारातून घरात शिरतो आणि गाडी निघून गेल्यावरही बराच वेळ रेंगाळतो. बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांत इंजिन बंद करायचं राहून गेल्याने घरात झोपलेली माणसं दगावली आहेत. उतरल्यावर इंजिन बंद झाल्याची खात्री करायची सवय लावा. एसी लावून थांबलेल्या गाडीत झोपणं टाळा. सायलेन्सरचा जोड गळका असेल किंवा त्याचं तोंड चिखलाने, बर्फाने बुजलं असेल तर धूर केबिनमध्ये येतो.

स्वयंपाकाची शेगडी

नीट चालणारी, स्वयंपाकापुरती वापरलेली, हवेशीर जागेतली गॅस शेगडी असेल तर फारसा धोका नाही. पण तिची काळजी घ्यायला पाच मिनिटं लागतात.

ज्योत निळी, टोकदार आणि स्थिर हवी. मधूनच नारिंगी ठिणगी दिसली तर ती धूळ किंवा मीठ जळल्याची असू शकते. टोकं कायम पिवळी राहत असतील आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल, तर बर्नर साफ करा. शेगडी पूर्ण थंड होऊ द्या. बर्नरची टोपी काढा, भोकं बारीक तारेने किंवा ब्रशने मोकळी करा. काडी वापरली तर ती आत मोडते. साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा, अगदी पूर्ण कोरडं. टोपी बसवताना ती सपाट बसली आहे का ते बोटाने फिरवून बघा. तिरकी टोपी हे पिवळ्या ज्योतीचं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा असतं.

इतकं करूनही पिवळेपणा गेला नाही तर जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारा बारीक भोकाचा भाग, तपासायला तंत्रज्ञ बोलवा. एलपीजीच्या जेटचं भोक पाइपच्या नैसर्गिक गॅसच्या जेटपेक्षा लहान असतं. नैसर्गिक गॅसचा जेट तसाच ठेवून एलपीजी जोडला तर गॅस प्रमाणाबाहेर येतो, ज्योत लांब, पिवळी, काजळीची होते आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर बनतो. गॅसचा प्रकार बदलताना प्रत्येक बर्नरचा जेट बदलला गेला का, हे समोर उभं राहून बघा. निळी ज्योत ही चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. थंड पाण्याने भरलेलं मोठं पातेलं ज्योतीला दाबून टाकत असेल तर निळ्या ज्योतीतूनही हा वायू निघतो. म्हणून मोठ्या भांड्यांना उंच स्टँड असलेला मोठा बर्नर द्या.

खोली तापवायला शेगडी किंवा ओव्हन पेटवून ठेवायचा नाही. गॅस ओव्हनच्या तळाला अॅल्युमिनियमची फॉइल अंथरायची नाही, हवेची भोकं झाकली जातात.

धुराड्याची उपकरणं: लाकडाची भट्टी, बॉयलर, धूरनळीचा हीटर

इथे धूर उलटा येतो का, हे बघायची एक घरगुती चाचणी आहे.

१. सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारं बंद करा. घरातले सगळे एक्झॉस्ट फॅन, स्वयंपाकघरातली विजेची चिमणी आणि कपडे वाळवायचं यंत्र चालू करा. हवेची ओढ जितकी जास्त होऊ शकते तितकी करायची आहे.
२. उपकरण पेटवा आणि पाच मिनिटं थांबा. थंड धूरनळी तापेपर्यंत पहिलं मिनिटभर थोडा धूर मागे येणं शक्य असतं.
३. पेटलेली उदबत्ती धूरनळीच्या तोंडाच्या कडेजवळ, चारही बाजूंनी फिरवा. तिचा धूर आत ओढला गेला पाहिजे.
४. तो घुटमळला किंवा तुमच्याकडे ढकलला गेला, तर उपकरण बंद करा, खिडक्या उघडा, आणि दुरुस्ती होईपर्यंत ते वापरू नका.

चाचणी पास झाली म्हणजे कायमची हमी मिळाली असं नाही. वाऱ्याची दिशा बदलली की निकाल बदलतो. म्हणून वर्षातून एकदा, हंगाम सुरू होण्याआधी, धुराडं आतून झाडून घ्यायचं. पक्ष्यांची घरटी, पडलेली वीट, साचलेली काजळी, गंजून सुटलेला नळीचा सांधा, ही नेहमीची कारणं. नव्या घट्ट खिडक्या बसवल्या किंवा जास्त ताकदीची चिमणी लावली, तर चाचणी पुन्हा करा. घर जितकं घट्ट, तितकी विस्तवाला हवा कमी.

रॉकेलचे आणि गॅसचे बिनधूरनळीचे हीटर झोपताना बंदच करायचे. हाताने झोपायच्या खोलीतून बाहेर काढता येत असतील तर काढा.

एक अनपेक्षित जागा सांगून ठेवायला हवी. लाकडी पेलेटचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांचा, मोठा साठा न पेटवताही कार्बन मोनॉक्साइड सोडतो. बंद कोठारात त्याने माणसं मेली आहेत. दार उघडून, हवा खेळू देऊनच आत जा. आणि मिथिलीन क्लोराइड असलेला रंग काढायचा द्राव श्वासात गेला की शरीरच त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनवतं, तेव्हा तो बंद खोलीत वापरू नका.

अलार्म

धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही. गॅसगळतीचा अलार्मही ओळखत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म लागतो, आणि खरेदी करताना खोक्यावर युरोपीय मानक ईएन ५०२९१ किंवा अमेरिकी मानक यूएल २०३४ यांपैकी एक लिहिलेलं असावं. पहिल्यात ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजायला हवं. दुसऱ्यात ७० पीपीएमला १ ते ४ तासांत, १५० ला १० ते ५० मिनिटांत, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. यावरून एक गोष्ट कळते: अलार्म वाजत नाही म्हणजे हवा शुद्ध आहे असं नव्हे. दीर्घकाळ राहणारं कमी प्रमाण तो सांगत नाही. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा हृदयरोगी असेल तर आकडा दाखवणारा आणि आधीचा सर्वोच्च आकडा लक्षात ठेवणारा अलार्म घ्या. रंग बदलणारी ठिपक्याची कार्डं घेऊ नका, ती झोपलेल्याला उठवत नाहीत.

कुठे लावायचा? झोपायच्या प्रत्येक खोलीत किंवा तिच्या दाराबाहेर लगेच, प्रत्येक मजल्यावर एक, आणि जळणारं उपकरण असलेल्या खोलीत एक. हा वायू हवेपेक्षा किंचितच हलका असतो आणि खोलीभर मिसळतो, त्यामुळे झोपायच्या खोलीत तो श्वासाच्या उंचीवर, म्हणजे उशीच्या आसपासच्या उंचीवर लावा. उपकरण असलेल्या खोलीत उपकरणापासून आडवं अंतर १ ते ३ मीटर ठेवा. भिंतीवर असेल तर दार-खिडकीच्या वर, पण छताखाली किमान १५ सेंटिमीटर. छतावर असेल तर भिंतींपासून किमान ३० सेंटिमीटर. पडद्यामागे, पंख्याच्या झोतात, खिडकीशेजारी, वाफेच्या न्हाणीघरात किंवा सिंकच्या वर नको. पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबा. ते बटण बझर आणि बॅटरी तपासतं. सेन्सरचं आयुष्य संपलं आहे का ते सहसा सांगत नाही. सेन्सर मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षं टिकतो. मागच्या बाजूला लिहिलेली बदलण्याची तारीख मार्करने पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा. मधूनच एखादी "टिक" म्हणजे बॅटरी संपत आलीय किंवा आयुष्य संपलंय. सलग जोरात वाजणं म्हणजे धोका.

इन्व्हर्टरची लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि बरेच अलार्म त्यालाही वाजतात. म्हणून अलार्म तिच्यापासून लांब लावा. पण वाजल्यावर "बॅटरीमुळेच असेल" म्हणून बंद करू नका, आधी सगळे बाहेर या. ज्या घरात काहीच जळत नाही, तिथेही शेजारच्या घरातून भिंतीच्या फटींतून, डक्टमधून, गॅरेजमधून हा वायू येऊ शकतो.

अलार्म वाजला किंवा शंका आली तर

१. सगळ्यांना उठवून लगेच मोकळ्या हवेत या. कारण शोधत बसू नका. वाटेत हाताशी आलेलं उपकरण बंद करता आलं, दार उघडं टाकता आलं, तर ठीक. त्यासाठी थांबू नका.
२. बाहेर माणसं मोजा. कुणी राहिलं असेल तर आत जाणाऱ्यांना नेमकी खोली सांगा.
३. बाहेरूनच आपत्कालीन सेवेला फोन करा आणि "कार्बन मोनॉक्साइड" हे शब्द वापरा.
४. बरं वाटलं, अलार्म थांबला, तरी परत आत जाऊ नका. दार उघडल्यामुळे आकडा उतरलेला असतो, वायूचं मूळ मात्र तसंच असतं.

न्हाणीघरातून हाकेला उत्तर येत नसेल तर दार तोडायला मिनिटही लावू नका. कुणीतरी बाहेरून गॅस बंद करावा, दुसऱ्याने दार-खिडक्या उघडाव्यात, आणि पडलेल्याला मोकळ्या हवेत ओढून आणावं. तिथेच उचलून, कपडे घालून, पाणी शिंपडून वेळ घालवू नका. त्या हवेत वाचवणाराही कोसळतो. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

दवाखान्यात पहिलं वाक्य हे असू द्या: "बंद खोलीत विस्तव होता, कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे." बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे खोटं सांगतो. कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि ९८ टक्के दाखवतो. रक्तातलं असं हिमोग्लोबिन, म्हणजे कार्बोक्सिहिमोग्लोबिन, मोजायला सांगा. किती वाजता बाहेर काढलं आणि किती वाजता ऑक्सिजन लावला, हेही लिहून द्या, कारण त्यानंतर आकडा झपाट्याने उतरतो आणि उशिरा घेतलेला नमुना साळसूद दिसतो. साध्या हवेत रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला ४ ते ६ तास लागतात, घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर एक ते दीड तास. दाबाच्या कोठीतली ऑक्सिजन चिकित्सा लागेल की नाही हे डॉक्टर ठरवतील. बाई गरोदर असेल तर ते न विचारता आधीच सांगा.

घरात परत जायचं ते कारण सापडून, उपकरण दुरुस्त होऊन, धूरनळीत आणि खोलीत मोजणी झाल्यावर. त्याआधी त्या उपकरणाची तोटी बंद करून तिच्यावर चिठ्ठी लावा, म्हणजे घरातला दुसरा कुणी सवयीने ते पेटवणार नाही. आणि माणूस बरा होऊन घरी आला तरी पुढचे सहा आठवडे त्याच्याकडे लक्ष ठेवा. विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं, हात कापणं, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी नव्याने उगवू शकतात. ती दिसली तर त्याच डॉक्टरांकडे, मूळ घटनेच्या तारखेसह आणि सगळ्या कागदांसह, पुन्हा घेऊन जा.